नाव विचारणारा डॉक्टर

मागच्या पावसाळ्यात आमच्या हॉस्टेलवर तापाची साथ आली होती, तीही नेमकी सबमिशनच्या आठवड्यात. माझ्या रूम पार्टनरला सलग तीन दिवस १०३ ताप होता. डॉक्टरकडे जाऊया असं मी एकदा म्हटलं खरं, पण तोपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर पपईच्या पानांच्या रसाचे मेसेज फिरायला लागले होते. मेसच्या मागे पपईचं झाड होतंच. मग काय, पानं वाटली, रस गाळला आणि दोन दिवस आम्ही तिला तो कडूजहर रस पाजला. पाचव्या दिवशी तिच्या पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, तेव्हा रिक्षात घालून नेलं. रक्त तपासल्यावर डेंग्यू निघाला. चार दिवस सलाइन, मग घरी. आता ती ठणठणीत आहे आणि या लेखातल्या शुद्धलेखनाच्या चुका तीच काढणार आहे.

पण त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला तीन साधे प्रश्न विचारले होते. रस नेमका किती दिला? कधीपासून दिला? आणि ताप असताना रक्त तपासायला दोन दिवस का थांबलात? आम्ही सहाजणी, सगळ्या इंजिनिअरिंगच्या, रीडिंग घेतल्याशिवाय जर्नलवर सही मिळत नाही हे माहीत असलेल्या. एकीकडेही उत्तर नव्हतं.

गणपतीला घरी गेले तेव्हा हा किस्सा आजीला सांगितला. पपईबद्दल तिने काही ऐकलं नव्हतं, पण परड्यातल्या बाकीच्या दहा-बारा औषधी झाडांची नावं तिने घडाघडा सांगितली. कुडा, निगडी, सातवीण, किराईत, भुईआवळी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. नीम, टर्मरिक, होली बेसिल हे मला पाठ, पण परड्यात उभं राहून यातला कुडा कुठला आणि सातवीण कुठली हे दाखवता येईना. या झाडांवर कुणी काय लिहिलंय ते शोधायला बसले आणि शोधता शोधता एका पोर्तुगीज डॉक्टरापाशी पोचले. त्याचं नाव गार्सिया द ऑर्ता. आपल्याकडची ही नावं त्याने साडेचारशे वर्षांपूर्वी विचारून विचारून लिहून ठेवली होती. गोव्यात पणजीला चर्चजवळ जी म्युनिसिपल बाग आहे, तिला याचंच नाव आहे. मी त्या बागेत दोनदा आईसक्रीम खाल्लंय, पण हा कोण हे विचारावंसं कधी वाटलं नाही!

ऑर्ताचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हिदे नावाच्या गावी झाला. गाव स्पेनच्या सरहद्दीजवळ. आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा हे लोक पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांनी तिथेही सक्तीने बाप्तिस्मा झाला. अशा कुटुंबांना नवे ख्रिश्चन म्हणायचे. नाव बदललं, धर्म बदलला, तरी शेजाऱ्यांचा संशय काही गेला नाही. शनिवारी कोण चूल पेटवत नाही, डुकराचं मांस कोण खात नाही, यावर लोकांचं बारीक लक्ष असायचं. ऑर्ता अशा घरात वाढला. म्हणजे घरात एक आणि दारात एक बोलायचं, हे शिक्षण त्याला शाळेच्याही आधी मिळालं असणार.

पुढे तो स्पेनमध्ये सालामांका आणि आल्काला इथल्या विद्यापीठांत शिकला, डॉक्टर झाला आणि लिस्बनला विद्यापीठात शिकवायला लागला. त्या काळचं वैद्यकशास्त्र म्हणजे ग्रीक गॅलेन, डायॉस्कोरिडीस आणि पर्शियन अविसेन्ना यांचे ग्रंथ. पुस्तकात आहे ते प्रमाण. पेशंट आणि पुस्तक यांत फरक दिसला तर चूक पेशंटची!

नोकरी बरी चालली होती. तरी १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा या आरमाराच्या प्रमुखाचा डॉक्टर म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. त्याने देश का सोडला याचं कारण त्याने कुठे लिहिलेलं नाही. पण दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन म्हणजे धर्माची चौकशी करणारं न्यायालय सुरू झालं, हे लक्षात घेतलं की बरंचसं समजतं.

गोव्यात आल्यावर सुरुवातीची काही वर्षं तो सौझाच्या आरमाराबरोबर फिरला. गोवा, वसई, दीव अशी त्या जहाजांची वाट. आपल्या रत्नदुर्गावर उभं राहिलं की समोर जो समुद्र दिसतो, तोच त्यांचा हायवे. म्हणजे ऑर्ता आपल्या किनाऱ्यासमोरून कितीतरी वेळा गेला असेल. त्यानंतर तो गोव्यात कायमचा राहिला. व्हॉइसरॉय आणि गव्हर्नर यांचा डॉक्टर, शिवाय व्यापारीही. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशाहाशी त्याची चांगली मैत्री होती. त्याच्यावर उपचार करायला ऑर्ता घाट चढून जायचा, आणि दरबारातल्या हकिमांबरोबर अविसेन्नावर चर्चा करायचा. गोव्यात हिंदू वैद्यांशीही त्याचा संबंध होता. मालुपा नावाच्या एका वैद्याचा उल्लेख त्याच्या पुस्तकात आहे.

१५५४ च्या सुमाराला पोर्तुगीजांनी त्याला मुंबई बेट भाड्याने दिलं. अख्खी मुंबई! तेव्हा ती नारळ-ताडाची बाग आणि कोळीवाडे एवढीच होती म्हणा. ऑर्ताने तिथे घर बांधलं, बाग केली. नंतर त्याच भागात इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. त्या बागेत वर्षातून दोनदा फळ देणारं आंब्याचं झाड आहे, असं त्याने मोठ्या कौतुकाने नोंदवलंय. रत्नागिरीकर म्हणून मला ही माहिती थोडी झोंबली. असो.

ऑर्ताचं एकच पुस्तक प्रसिद्ध आहे. कोलोकियुश हे त्याचं नाव थोडक्यात, म्हणजे भारतातल्या औषधी वनस्पती आणि द्रव्यांविषयीचे संवाद. १५६३ च्या एप्रिलमध्ये ते गोव्यात छापलं गेलं. गोव्यात छापखाना आल्याला जेमतेम सात वर्षं झाली होती. छपाई इतकी चुकांची, की शुद्धिपत्रच पानोपानी लांबत गेलंय. पुस्तकाची रचना म्हणजे चक्क वायवा आहे. रुआनो नावाचा ऑर्ताचा जुना कॉलेजमित्र युरोपातून नवीन आलेला असतो. हे पात्र काल्पनिक आहे. तो पुस्तकातलं ज्ञान घेऊन एकेका औषधावर प्रश्न विचारतो आणि ऑर्ता त्याला उत्तरं देतो. मध्येच ऑर्ता घरात काम करणाऱ्या अंतोनियाला हाक मारतो, आणि ती ताजं पान, फळ, मूळ आणून समोर ठेवते. वेलची, लवंग, हळद, आलं, हिंग, कोरफड, भांग, धोत्रा, फणस, आंबा, असे पन्नासच्या वर संवाद आहेत.

प्रत्येक वस्तूबद्दल ऑर्ता आधी नाव विचारतो. अरबीत काय म्हणतात, फारसीत काय, गुजरातेत काय, दख्खनात काय, मलबारात काय, कोकणी लोक काय म्हणतात. मला आधी वाटलं, हा भाषेचा शौक असावा. नंतर लक्षात आलं की हा शौक नाही, पद्धत आहे. एकाच नावाने दोन झाडं विकली जातात आणि एकाच झाडाला चार नावं असतात. नाव पक्कं नसेल तर पुढचं सगळं औषध चुकतं. आपल्याकडे पार्ट नंबर चुकला की सर्किट जळतं, तसंच.

निगडी हे आपलं झुडूप त्याने निगुंडो म्हणून नोंदवलं. आज वनस्पतिशास्त्रात त्याचं अधिकृत नाव व्हायटेक्स निगुंडो आहे. म्हणजे अंग दुखलं की निगडीचा पाला उकळून शेकायला सांगणारी आजी आणि लॅटिन नाव लिहिणारा प्रोफेसर, दोघं एकच शब्द वापरतात. भिरंड, म्हणजे आपले रातांबे, त्यानेही ऑर्ताच्या पुस्तकात जागा पटकावली आहे. कोकमाच्या झाडाचं शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. ते या गार्सियावरून आलं असेल असं मला वाटलं होतं, पण नाही. ते लोराँ गार्सां या दुसऱ्याच वनस्पतिशास्त्रज्ञावरून आलंय. नाव नीट तपासावं ते यासाठीच.

कॉलऱ्यावर त्याने एक संवाद लिहिलाय. कॉलऱ्याच्या पेशंटचं इतकं नेमकं वर्णन युरोपीय डॉक्टरने त्याआधी क्वचितच केलं असेल. हातपाय गार, नाडी लागत नाही, एका दिवसात खेळ खलास. या रोगासाठी इथल्या लोकांचा शब्द त्याने मोर्शी असा लिहिलाय. म्हणजे आपली मोडशी! पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं मोर्देशीं झालं आणि तो शब्द युरोपभर गेला.

आमांशावरच्या औषधात तो एका झाडाच्या सालीचं कौतुक करतो. त्या झाडाला त्याने मलबारची वनस्पती म्हटलंय. अभ्यासकांच्या मते हा आपला कुडा. आपण पावसाळ्याआधी ज्याच्या फुलांची भाजी खातो आणि जो रस्त्याच्या कडेला फुकट उगवतो, तोच. ही साल मलबारी वैद्यांकडून आली हे तो स्वच्छ सांगतो. पुढच्या काळात कुड्याच्या सालीतून कोनेसिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि आमांशाच्या अमीबावर ते वापरूनही पाहिलं गेलं. म्हणजे त्या अनामिक वैद्यांच्या अनुभवात तथ्य होतं.

पण ऑर्ताच्या काळातलं दुसरं एक औषध होतं, चोपचिनी. चीनकडून येणारं हे मूळ उपदंशावर, म्हणजे सिफिलिसवर, रामबाण मानलं जायचं. ऑर्ताही ते वापरायचा. त्या रोगाने तेव्हा जगभर थैमान घातलं होतं. सम्राट पाचव्या चार्ल्सनेही चोपचिनी घेतली होती. मोठा माणूस घेतो म्हणून सगळेच घ्यायला लागले. पुढे ते औषध मागे पडलं, कारण सिफिलिस त्याने बरा होत नव्हता. तो बरा झाला चारशे वर्षांनी, पेनिसिलिनने. बेझोआर, म्हणजे बकऱ्याच्या पोटात सापडणारा खडा, विषावर चालतो असंही ऑर्ता मानायचा. तिथेही तो चुकलाच.

मला वाटतं, ऑर्ताचा मोठेपणा सगळं बरोबर सांगण्यात नाहीच. मी स्वतः काय पाहिलं आणि नुसतं काय ऐकलं, हे तो बहुतेक ठिकाणी वेगळं करून लिहितो. गॅलेनने लिहिलंय म्हणून तो मानत नाही. युरोपात असतो तर असं बोलायची हिंमत झाली नसती, हेही तो मोकळेपणाने कबूल करतो. गोवा लांब आहे, म्हणून खरं बोलता येतं असं त्याला वाटत होतं.

तेवढं लांब ते नव्हतं. त्याची आई आणि बहिणी लिस्बनला इन्क्विझिशनच्या तावडीतून कशाबशा सुटून १५४९ साली गोव्याला आल्या होत्या. १५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही आलं. ऑर्ताचं पुस्तक निघालं ते त्यानंतर तीन वर्षांनी. जो माणूस प्रत्येक पानाचं खरं नाव विचारत होता, त्याला घरी स्वतःची खरी ओळख लपवावी लागत होती. १५६८ मध्ये तो वारला. व्हॉइसरॉयच्या ओळखीमुळे म्हणा, वयामुळे म्हणा, जिवंत असेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही. पण पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ ला, त्याची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जाळून मारलं. कुटुंबाच्या चौकशीत ऑर्ताचंही नाव आलं होतं. १५८० च्या डिसेंबरमध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली, जाहीरपणे जाळली आणि राख मांडवीत टाकली. मेल्यावर बारा वर्षांनी!

पुस्तक मात्र वाचलं. तो जिवंत असतानाच, १५६७ मध्ये, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि ते युरोपभर गेलं. पुढे क्लेमेंट्स मार्कहॅमने १९१३ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतराचं स्कॅन मी हॉस्टेलच्या वायफायवर वाचलं.

आता परत आमच्या पपईकडे येते. ऑर्ताला व्हायरस माहीत असणं शक्यच नव्हतं. ती भानगड कळली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. व्हायरस स्वतः काहीच करत नाही, आपल्या पेशीत शिरून पेशीचीच मशिनरी वापरतो. त्यामुळे त्याला मारताना पेशीलाही धक्का लागतो आणि औषध शोधणं कठीण होतं. वनस्पतींमधून काही मिळेल का, हा शोध जगभर चालू आहे आणि तो खुळचट अजिबात नाही. इन्फ्लुएंझावरचं ओसेल्टामिविर हे औषध बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल आपल्या बिर्याणीतल्या चक्रीफुलातून काढलं जातं. हिमालयातल्या वनककडीच्या मुळातलं पोडोफिलोटॉक्सिन हे द्रव्य व्हायरसमुळे येणाऱ्या चामखिळींवर लावतात. पण चक्रीफुलाचा चहा पिऊन फ्लू बरा होत नाही, आणि वनककडी पोटात घेतली तर विष आहे. झाडातून औषधापर्यंतचा रस्ता लांबचा असतो.

भुईआवळीची गोष्ट तर प्रत्येकाने वाचावी अशी. कावीळ झाली की कोकणात हीच देतात. १९८८ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी, हेपटायटिस बी चा व्हायरस शोधणाऱ्या नोबेल विजेत्या ब्लुमबर्ग यांच्याबरोबर, लॅन्सेटमध्ये निष्कर्ष छापले. भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून त्या व्हायरसची खूण नाहीशी झाली होती, आणि खोटं औषध घेतलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. केवढी आशा वाटली असेल! पण नंतर इतर ठिकाणी प्रयोग केले तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही. झाड कुठलं, कुठल्या मातीतलं, कधी तोडलेलं, पेशंट कोणता, अशा शंका निघाल्या, पण खात्रीचा पुरावा काही मिळाला नाही. ऑर्ता असता तर त्याने दोन्ही गोष्टी लिहिल्या असत्या, आधीचीही आणि नंतरचीही.

किराईत, हळद, तुळस यांच्या बाबतीतही तेच. लॅबमध्ये काचेच्या बशीत व्हायरस थांबवणारे अर्क भरपूर आहेत. पण बशीत जेवढं टाकतो तेवढं रक्तात पोचतं का? हळदीतलं कुर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं शोषलं जातं. इनपुटला दिलेलं व्होल्टेज लोडपर्यंत पोचलंच नाही तर मोटर फिरेल कशी? पपईच्या पानाने प्लेटलेट वाढल्याचे काही छोटे अभ्यास आहेत. पण त्याने डेंग्यूचा व्हायरस मरतो असं सिद्ध झालेलं नाही. डेंग्यूत खरी भीती असते ती रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून ब्लडप्रेशर कोसळण्याची, आणि ती बहुधा ताप उतरायच्या वेळीच येते. आम्ही रस गाळत बसलो होतो ते नेमके त्याच्या आधीचे दोन दिवस.

म्हणून आजीची झाडं खोटी आणि डॉक्टर खरे, असं मी म्हणणार नाही. कुड्याची साल वैद्यांनीच शोधली होती. फक्त त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, मालुपासारखा एखादा सोडून. अंतोनियाचं तर नुसतं नावच उरलंय. परदेशी माणसाने विचारलं म्हणून निदान झाडांची नावं तरी कागदावर आली. आपण तर घरातच विचारत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक दोनशे पानी वही घेऊन आजीपाशी बसले. झाड, आजी काय म्हणते, शेजारचे काय म्हणतात, शास्त्रीय नाव, कशावर देतात, कोणी दिलेलं पाहिलं, गुण आला का, नाही आला का. शेवटचा रकाना आजीला आवडला नाही. तिने दोन दिवस मुद्दाम तो टाळला. मग तिसऱ्या दिवशी स्वतःहून सांगितलं की तिच्या धाकट्या भावाला लहानपणी काविळीत भुईआवळी दिली होती आणि तो वाचला नव्हता. हे ती आमच्या घरात कधी बोलली नव्हती. मी ते तसंच लिहिलं.

आत्तापर्यंत एकतीस झाडं झाली आहेत. कुडा आणि सातवीण मला आता लांबून ओळखता येतात. मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही घरी जाल तेव्हा पाच तरी नावं विचारून या, आपण एक यादी करू. आणि ताप दोन दिवसांत उतरला नाही तर पपईचं झाड शोधू नका. आधी रक्त तपासा.